बुडीत खाते

आमच्या घरात तीन वर्षांत २६ मृत्यू झाले. दचकू नका. घरातली माणसं शाबूत आहेत. गेले ते मासे.

मी बँकेत कारकून आहे आणि जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयाचा बी. कॉम. आहे. या दोन गोष्टी एका ठिकाणी आल्या की माणूस दुःखाचीसुद्धा नोंद ठेवतो. २०१६ साली चिरंजीवांच्या वाढदिवसाला दीड फुटी काचेची टाकी घरात आली आणि त्याच दिवशी मी एक दोनशेपानी वही घातली. रकाने चार : तारीख, मासा, किंमत, मृत्यूचं कारण. पहिले तीन रकाने मी चोख भरले. चौथ्या रकान्यात मात्र जे लिहिलं ते आज वाचताना कानशिलं तापतात. ‘दैव’, ‘दृष्ट’, ‘नाजूक होता’, पुन्हा ‘दैव’, आणि सगळ्यात जास्त वेळा : ‘संकट घेऊन गेला’.

हे शेवटचं कारण आमचं नव्हे, शेजारच्या आप्पांचं. आमचा पहिला मासा चौथ्या दिवशी पोट वर करून तरंगायला लागला तेव्हा आप्पा सांत्वनाला आले, चहा घेतला आणि म्हणाले, “बरं झालं. तुमच्यावर यायचं ते त्याच्यावर गेलं.” ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू! मासा गेला त्याचं दुःख राहिलं बाजूलाच, उलट चाळीस रुपयांत विमा उतरवल्यासारखं वाटलं. पुढे अमळनेरच्या आत्यांनी तेच सांगितलं. वास्तुशास्त्रवाल्या एका खातेदारानं तर आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे ईशान्येला ठेवायला सांगितले. काळा असतो तो म्हणे सगळ्यांचा जामीनदार. जामीनदाराचं शेवटी काय होतं ते बँकेतल्या माणसाला सांगायला नको.

पण मला सांगा, माझ्यासारख्या कारकुनाच्या आयुष्यात तीन वर्षांत २६ संकटं येणार तरी कुठून? ऑडिट वर्षातून एकदा. बदली चार-पाच वर्षांतून एकदा. सासुरवाडीची मंडळी दिवाळीत आणि मे महिन्यात. ओढूनताणून बेरीज केली तरी बारा-तेराच्या वर जात नाही. म्हणजे निम्मे मासे विनाकारण मेले! आणि गंमत अशी, की मासा संकट घेऊन गेल्यावरही ऑडिट व्हायचं ते झालंच, आणि सासुरवाडीची मंडळी यायची ती आलीच.

हा विनोद मी पुष्कळ दिवस बँकेत सांगत असे. २०१९ च्या पावसाळ्यात तो बंद पडला.

त्या पावसाळ्यात आईला न्यूमोनिया झाला. दवाखान्यात ठेवावं लागलं, नाकाला प्राणवायूची नळी लागली. मी रात्री डबा न्यायला घरी आलो तर चिरंजीव, वय वर्षे नऊ, टाकीसमोर बसले होते. टाकी तेव्हा रिकामीच होती. सव्वीसावा मासा जाऊन आठवडा झाला होता.

“बाबा, दोन मासे आणू या का?”

“आत्ता? या वेळेला?”

“एक आजीसाठी. तो मेला की आजी बरी होईल. दुसरा राखीव.”

मी डबा हातात घेऊन तसाच उभा राहिलो. पोराचं काही चुकलं नव्हतं. हिशेब त्यानं आमच्याच वहीतून शिकलेला होता. आप्पा म्हणाले, आत्या म्हणाल्या, बापानं मान डोलावली आणि वर वहीत लिहून सही ठोकली. मग नऊ वर्षांच्या मुलानं एक जीव विकत आणून मरायला ठेवावा यात नवल ते काय? मासे आणले नाहीत. आणले असते आणि ते जगले असते, तर त्या पोरानं रात्रभर टाकीसमोर बसून कशाची वाट पाहिली असती, हा विचार आजही नको वाटतो.

आई सहाव्या दिवशी घरी आली. डॉक्टरांनी औषधं दिली, सलाईन दिलं, श्वासाला हवा दिली, आणि भेटायला येणाऱ्यांना दाराबाहेर ठेवलं. चिरंजीवांनी विचारलं, “मग कोण मेलं?” मी म्हटलं, “कोणीच नाही.” खातं जुळत नसल्यावर आमचे अधिकारी करतात तसा चेहरा त्यांनी केला.

त्या रात्री वही काढली. मासे मरतात यावर माझा विश्वास होता. ते मारले जातात की काय, हे पाहायचं ठरवलं. मग पुस्तकं वाचली, दोन-तीन अनुभवी माणसांना विचारलं, आणि चौथा रकाना लाल शाईनं दुरुस्त केला. निष्कर्ष असा : टाकीत सोडल्यापासून पहिल्या दहा-पंधरा दिवसांत गेले १४. मे महिन्यात गेले ५, पाचही गोल्डफिश. रविवारी टाकी लख्ख धुतल्यानंतर दोन दिवसांत गेले ४. पाहुण्यांच्या आग्रहानं गेले २. उडी मारून गेला १. एकूण २६. दैवाच्या खात्यावर शून्य.

आता एकेक खातं उघडून दाखवतो.

पहिले चौदा. मासा पाण्यात राहतो, पाण्यातच जेवतो आणि पाण्यातच बाकीचं सगळं उरकतो. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि हा अमोनिया त्याचेच कल्ले जाळतो. नदीत, तळ्यात याचा निकाल लावायला जिवाणूंचं कार्यालय बसलेलं असतं. पहिल्या टेबलावरचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषच, माशाच्या रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही. ती फाइल दुसऱ्या टेबलावर जाते, तिथे नायट्राइटचं नायट्रेट होतं आणि ते पुष्कळच सौम्य. हे नायट्रेट काढायचं तिसरं टेबल मालकाचं : आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं. एवढं सरळ कामकाज.

पण हे जिवाणू टाकीसोबत दुकानातून येत नाहीत. ते वाळूवर, फिल्टरच्या स्पंजावर हळूहळू वस्तीला येतात आणि दोन्ही टेबलं भरायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही काय केलं? सकाळी टाकी आणली, दुपारी पाणी भरलं, संध्याकाळी सहा मासे सोडले आणि वर पेढे वाटले. म्हणजे शाखेचं उद्घाटन झालं, दारात खातेदारांची रांग लागली आणि आत एकही कारकून रुजू झालेला नाही! अशा शाखेत काय होतं ते मी जाणतो. फरक इतकाच की आमचे खातेदार व्यवस्थापकाच्या नावानं ओरडतात. मासे ओरडत नाहीत, तरंगतात.

रविवारचे चार. कसाबसा महिना जाऊन कारकून रुजू झाले, की आमच्या हिला टाकी हिरवट दिसू लागे. मग मी बनियन घालून टाकी न्हाणीघरात घ्यायचो, वाळू नळाखाली खसाखसा घासायचो, स्पंज साबणानं धुवायचो आणि ताजं, थंडगार नळाचं पाणी काठोकाठ भरायचो. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतो. तो असायलाच हवा, त्यानंच आपली पोटं सलामत आहेत. पण क्लोरिन माशाचे कल्लेही पोळतो आणि ते बिचारे जिवाणूही मारतो. म्हणजे एका रविवारी मी सगळा कर्मचारीवर्ग बडतर्फ करत होतो आणि वर सोमवारी ‘टाकी कशी आरशासारखी झाली!’ म्हणत होतो. आरसा झालीच होती. फक्त त्यात स्वतःचं तोंड पाहायचं मला सुचलं नाही.

पाहुण्यांचे दोन. खानदेशात आग्रह ही रोगराई आहे. आपल्याकडे पाहुणा भरीत-भाकरी खाऊन उठला तरी “काहीच नाही खाल्लं” म्हणून पुन्हा वाढतात. हीच माया माशांवर. एकानं शेव टाकली, एकानं पोळीचे तुकडे, एकानं चिवड्यातले पोहे. माशानं जे खाल्लं नाही ते तळाशी सडलं आणि जे खाल्लं त्याचाही शेवटी अमोनियाच झाला. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढं चिमूटभर खाणं दिवसातून एकदा-दोनदा पुरे. एखादा दिवस उपास घडला तर मासा तक्रार करत नाही. एकादशीला आपणच काय ते दुप्पट खातो.

उडी मारून गेलेल्याबद्दल फार बोलत नाही. टाकीला झाकण नव्हतं. झाकणाचे पैसे मी वाचवले होते.

राहिले मे महिन्यातले पाच. हे प्रकरण फक्त आपल्या जळगाव-धुळ्याचं आहे, म्हणून नीट ऐका. गोल्डफिश हा चीनमध्ये हजारेक वर्षांपूर्वी पाळीव झालेला थंड पाण्यातला मासा. त्याला वीस-बावीस अंशांचं पाणी मानवतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, माणसं ओला पंचा डोक्यावर घेऊन बसतात आणि टाकीतलं पाणी चहाला ठेवल्यासारखं होतं. पाणी जितकं तापेल तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशांच्या एका लिटर पाण्यात नऊएक मिलिग्रॅम, पस्तीसला सातच्या आसपास. आणि नेमक्या त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. म्हणजे पगार कमी आणि खर्च जास्त. त्यात दुपारी वीज गेली आणि पंप थांबला, की झालं!

आणि लोक हा मासा ठेवतात कशात? तर लाडवाच्या बरणीएवढ्या गोल भांड्यात. गोल्डफिश हा वीतभर आणि त्याहून मोठा होणारा जीव आहे. एकाला निदान चाळीस लिटर पाणी हवं. आमची दीड फुटी टाकी काठोकाठ भरली तरी पस्तीस लिटरची. वास्तुशास्त्राचे नऊ ठेवायचे तर गच्चीवरची पाण्याची टाकीच ईशान्येला आणून बसवावी लागेल. इटलीत रोम शहरानं २००५ साली गोल भांड्यात मासा ठेवायला चक्क बंदी घातली. आपल्याकडे ते भांडं मुंजीत आहेर म्हणून देतात.

“पण साहेब, पाण्यातला जीव आहे, त्याचा काय भरवसा!” हे वाक्य तुम्ही कुठल्याही फिशवाल्याकडे ऐकाल. मी एकाला सरळ विचारलं, “हा मासा किती वर्षं जगतो?” तो म्हणाला, “नशीब.” मुदत ठेवीची पावती हातात देताना खातेदारानं “मुदत कधी संपते?” विचारलं आणि मी “नशीब” म्हणालो, तर माझी नोकरी राहील का? आणि तो तरी काय करणार? गिऱ्हाईक विचारतच नाही. आपण भेंडी घेताना टोक मोडून पाहतो, आंबा देठाशी हुंगतो. जिवंत प्राणी घेताना मात्र “तो लाल द्या” एवढंच म्हणतो.

भरवसा नाही म्हणता? १९५६ साली इंग्लंडातल्या एका जत्रेत एका मुलानं बक्षीस म्हणून गोल्डफिश जिंकला. टिश त्याचं नाव. तो मेला १९९९ साली. ४३ वर्षं! माझी आख्खी नोकरीसुद्धा तेवढी भरणार नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या मत्स्यालयात १९३८ साली ऑस्ट्रेलियाहून एक फुप्फुसमासा आला. आल्यापासून ८५ वर्षांनी, २०२३ साली, त्याच्या पेशी तपासून वय काढलं तर ९२ च्या घरात निघालं. या आजीबाई अंजीर आवडीनं खातात आणि पोट खाजवून घेतात अशी त्यांची ख्याती. इतक्या लांब नको असेल तर आपल्या वाडा तालुक्यात तिळसेश्वराच्या देवळापाशी वैतरणेचा डोह पाहा. देवाचे मासे म्हणून तिथले महसीर कोणी धरत नाही, आणि ते हातहातभर वाढतात. देवाच्या नावानं मासा राखणारेही आपणच आणि देवाच्या नावानं मासा मारून ‘संकट गेलं’ म्हणणारेही आपणच. मला यातला पहिला देव पटतो.

आणि गप्पी? ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ ही पाटी वाचत आम्ही लहानाचे मोठे झालो. तेच गप्पी विहिरीत, हौदात, डबक्यात कोणी न बघता पिढ्यान्‌पिढ्या नांदतात आणि आमच्या दिवाणखान्यात पंप, दिवा, प्लास्टिकचं कारंजं एवढा थाट असूनही आठवड्यात राम म्हणतात. कारण उघड आहे. डबक्यात दर रविवारी कोणी साबण घेऊन उतरत नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच : मासा घेण्याआधी त्याचं आयुष्य विचारा आणि मग आपली टाकी, आपलं गाव आणि आपली चिकाटी पाहून निवडा. बँकेच्या भाषेत सांगतो. गप्पी म्हणजे चालू खातं, दोनेक वर्षांचं; पण पिल्लं इतकी घालतो की शिल्लक कधी शून्य होत नाही. फायटर दोन-तीन वर्षं. निऑन टेट्रा, नीट सांभाळला तर पाचेक. गोरामी चार ते सहा. एंजल आठ-दहा वर्षं, आणि त्याला सव्वीस ते तीस अंशांचं पाणीच आवडतं, म्हणजे जन्मानं खानदेशीच म्हणा. ऑस्कर दहा-पंधरा वर्षं जगतो, पण फूटभर वाढतो आणि लहान शेजारी गिळतो. क्लाउन लोच वीस वर्षं, कोई पंचवीस-तीस. पण कोईला हौद लागतो आणि वारसाची नोंदही करून ठेवावी लागते. ज्या ठेवीची मुदत मोठी तिची रक्कमही मोठी, हे इथेही खरं. दीड फुटात पंचवीस वर्षांचा मासा कोंबणं हे दीर्घायुष्य नव्हे, जन्मठेप आहे. आणि गोल्डफिश हवाच असेल तर आधी घरात थंड कोपरा आणि शंभर-दीडशे लिटर पाणी दाखवा. नसेल तर त्याला त्याच्या चीनमध्ये सुखात राहू द्या.

आम्ही २०१९ च्या दिवाळीनंतर तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकी घेतली. शंभर लिटर. झाकणासकट. एका मित्राच्या चालत्या टाकीतला मळका स्पंज मागून आणला, म्हणजे अनुभवी कर्मचारी बदलीवर आले. तरी मासे लगेच सोडले नाहीत. सहा आठवडे आम्ही नुसत्या पाण्याकडे पाहत बसलो. आप्पा म्हणाले, “मासे मेले वाटतं सगळे?” मी म्हटलं, “यायचेत.” मग दोन गोरामी आले आणि महिन्यानं दोन छोटे एंजल. गोरामी मी आपल्या उन्हाळ्याकडे पाहून निवडला. त्याच्या डोक्यात असा एक अवयव असतो की तो पाण्यावर येऊन सरळ हवेतला श्वास घेतो. पाण्यात प्राणवायू कमी पडला तर वरून आणतो. वीज गेली तरी रुसत नाही. असा कारकून आमच्या शाखेत एकही नाही.

२०२२ साली माझी बदली धुळ्याला झाली. सामान टेम्पोनं गेलं. मासे मात्र मी एस. टी.नं मांडीवर नेले, प्लास्टिकच्या पिशव्यांत, अर्धं पाणी अर्धी हवा. पाळधी गेलं, एरंडोल गेलं, पारोळ्याला शेजारी एक म्हातारेबुवा येऊन बसले. पिशवीकडे बराच वेळ पाहून म्हणाले, “कालवण कराले लई जाई राहिनात का, भाऊ?”

“नाही बाबा, पोसाले.”

“पोसाले? कसाले?”

याचं उत्तर मला धुळं येईपर्यंत देता आलं नाही. ते उतरताना मात्र म्हणाले, “पिशवी उनमा धरू नका.” मासे वाचवणारा तो पहिला सल्ला, जो मला न मागता मिळाला.

आई आता धुळ्याच्या घरात टाकीसमोर खुर्ची टाकून जपमाळ ओढते. एंजल जोडी अजून आहे. गोरामींपैकी एक मात्र गेल्या हिवाळ्यात गेला. महिनाभर मंदावला होता, रंग फिका पडला होता, आणि एका सकाळी वनस्पतीच्या आडोशाला शांत पडलेला दिसला. पाणी तपासलं, बाकीचे मासे पाहिले. सगळं ठीक होतं. सहा वर्षं झाली होती त्याला आमच्याकडे.

बातमी कळताच जळगावहून आप्पांचा फोन आला. “काय संकट होतं हो?” मी म्हटलं, “काही नाही आप्पा.” त्यांचा आवाज जरा पडला.

वही चिरंजीवांनी काढली. आता ते माझ्या डोक्याएवढे उंच झाले आहेत आणि बापाचं अक्षर वाचून हसतात. २७ वी नोंद त्यांनी स्वतः केली. तारीख, मासा, किंमत. चौथ्या रकान्याशी थोडे थांबले आणि मग लिहिलं : ‘वय झालं होतं’.

इतक्या वर्षांत त्या वहीतली ही एकच नोंद मी न खोडता सही करून दिली.